खालून बंद केला का?

आमच्या इमारतीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला कुणी 'सावकाश जा' किंवा 'पोचल्यावर फोन कर' म्हणत नसे. त्याआधीच पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून आवाज यायचा, "गॅस खालून बंद केला का?" गावाला निघालेलं कुटुंब असो, ऑफिसला निघालेला माणूस असो, की कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघालेली बाई असो, साळवे सिस्टरांचा प्रश्न एकच. बरेच जण "हो हो" म्हणून पुढं जायचे. काही जण फाटकापर्यंत जाऊन थबकायचे, क्षणभर आठवून बघायचे आणि मुकाट्यानं जिना चढून परत जायचे. अशा माणसाकडं सिस्टर मुद्दाम बघायच्या नाहीत. गॅलरीतल्या मोगऱ्याला पाणी घालत राहायच्या.

गारखेड्यातल्या त्या इमारतीत त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून माझं नाव त्यांनी 'लायब्ररी' ठेवलं होतं. "ए लायब्ररी, आलीस का?" ही हाक संध्याकाळी जिन्यातच गाठायची. त्यांचा आवाज मोठा होता. वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक पोचवायची सवय झालेला. सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि नोकरीचा बराच काळ त्यांनी जळीत वॉर्डात काढला होता. माहेर बिडकीनचं. नवरा एसटीत होता, तो लवकर गेला. मिलिंद नावाचा एकच मुलगा, तो पुण्याला. नोकरी सुटली तरी मनगटावरचं घड्याळ त्या नाडी बघताना घालतात तसंच, काटे आतल्या बाजूला करून घालायच्या. इमारतीतल्या कुणाचंही ब्लडप्रेशर बघायचं असलं की यंत्र घेऊन तयार.

त्यांचा ओटा नेहमी मोकळा असे. शेगडीच्या आसपास कागद, फडकं, प्लास्टिकचा डबा असलं काही दिसायचं नाही. खिडकी उघडी, अगदी डिसेंबरातसुद्धा. अंगावर सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. आधी काडी पेटवायची, मग बटण फिरवायचं, हा क्रम त्यांनी कधी बदलला नाही. लायटरवर त्यांचा विश्वास नव्हता. "ते टकटक करत बसतं, तवर गॅस सुटत राहतो," म्हणायच्या. स्वयंपाक झाला की वर शेगडीचं बटण बंद, मग वाकून खाली सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. "वरचं बटण म्हणजे खोलीची कडी," त्या नव्या सुनांना सांगायच्या, "आन् खालचं म्हणजे घराचं कुलूप. कुलूप न लावता कुणी जातं का गावाला?" सिलिंडरपासून शेगडीपर्यंतच्या रबरी नळीवरून त्या रोज एकदा बोट फिरवायच्या, कुठं चीर पडली आहे का बघायला. ते बघताना मला गाईच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवणारी माणसं आठवायची.

सिलिंडर आणणारे शफीकभाई त्यांच्या दारात जरा वैतागूनच उभे असायचे. सिस्टर आधी सील बघणार. मग टोपी काढायला लावून आतलं वायसर बघणार. जोडणी झाली की वाटीत केलेला साबणाचा फेस सांध्यावर लावून बुडबुडे येतात का ते बघत बसणार.

"क्या सिस्टर," शफीकभाई म्हणायचे, "कित्ते बरस से लाके देरा मैं तुमकू, अब्बी बी शक करते?"

"तुमच्यावर नाय हो शफीकभाई, वायसरवर."

"मेरे घर में बी तुम्हारेच वजे से ताप हो गया. बीवी बोलती, सिस्टर बोले वैसा फेस लगाके दिखाओ, फिर चाय मिलती."

"मग लावता का नाय फेस?"

"लगाताच ना. चाय होना ना मेरेकू."

यावर दोघंही हसायची आणि सिस्टर त्यांना चहा द्यायच्या. फेस बघून झाल्यावर, आधी नाही.

वरच्या मजल्यावर पाटील राहायला आले, तेव्हाची गोष्ट मला नीट आठवते. गृहप्रवेशाला इमारतीतल्या सगळ्यांना बोलावणं होतं. सिस्टरही गेल्या होत्या. बाहेरच्या खोलीत दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना बोलावलं होतं, पण आत या असं कुणी म्हटलं नव्हतं. का म्हटलं नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आत नव्या शेगडीवर नव्या पातेल्यात दूध ठेवलेलं. नव्या घरात दूध उतू जाऊ देतात, तसं ते वर आलं, फसफसून चारी बाजूंनी उतू गेलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पाटीलकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांची सून देवापुढचं पेटतं निरांजन घेऊन ओवाळायला शेगडीकडं निघाली.

तेवढ्यात सिस्टर खुर्चीवरून उठल्या. "निरांजन मागं फिरव! आहे तिथूनच मागं. बाहेर ने ते."

सिस्टर माणसं बाजूला सारत थेट स्वयंपाकघरात शिरल्या. दुधानं शेगडी विझली होती, बटण मात्र उघडंच होतं. त्यांनी वरचं बंद केलं, खालचं बंद केलं, खिडकी उघडली आणि कुणीतरी पंख्याच्या बटणाकडं हात नेला तशा ओरडल्या, "पंखा नको! कशालाच हात लावू नका."

पाटीलकाकूंना ते फार लागलं. "शुभकार्यात असं ओरडायचं असतं होय?" त्या म्हणाल्या.

"ओरडले म्हणून पुढचं शुभकार्य करता येईल, काकू," सिस्टर म्हणाल्या. मग थोड्या मऊ आवाजात, "दूध उतू गेलं, बरं झालं. जाऊ द्यावं. पण त्याच्या मागं बटण बंद करायला कुणीतरी लागतं की नाय?"

त्या तिथंच थांबल्या. शेगडी गार होऊ दिली आणि टाचणीनं बर्नरची भोकं एकेक करून साफ करून दिली. जेवायला थांबल्या नाहीत. पाटीलकाकू पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या. नंतर काकूंना ब्लडप्रेशर निघालं आणि त्या जिना उतरून सिस्टरांच्या दारात यायला लागल्या. तो विषय दोघींनी कधी काढला नाही.

एवढ्या गर्दीत, उदबत्त्यांच्या आणि फुलांच्या वासात, बाहेरच्या खोलीत बसून तुम्हाला गॅसचा वास कसा आला, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी नाकावर बोट ठेवलं. "वॉर्डात दुसरं काय शिकले? याच्यावरच चालले मी. ड्रेसिंग सोडायच्या आधी जखम कशी आहे ते मला कळायचं."

साथीच्या दुसऱ्या वर्षी सिस्टर आजारी पडल्या. दवाखान्यात राहून बऱ्या होऊन घरी आल्या. वजन उतरलं होतं, आवाज बसला होता, पण तो आठवड्याभरात परत आला. आम्हाला वाटलं, सगळंच परत आलं.

एका सकाळी त्या गॅलरीत मोगऱ्याची ओंजळ नाकाशी धरून उभ्या दिसल्या. मी हसून काहीतरी बोलले, तर त्यांनी ओंजळ पुन्हा नाकाशी नेली. संध्याकाळी हाक मारली. स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. समोर हिंगाची डबी उघडी, ठेचलेला लसूण, कापलेला कांदा, रॉकेलचा बोळा.

"वास येतोय?" त्यांनी विचारलं.

"सिस्टर, जिन्यापासून येतोय."

"मला नाय येत. कशाचाच."

बाकीच्यांचा येतो परत, तुमचाही येईल, असं मी म्हटलं. त्या मान हलवत राहिल्या. परत येणाऱ्यांचा कधीच आला होता, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"मिलिंदला सांगितलंत?"

"हळूहळू येतोय म्हणून सांगितलं. खरं कळलं तर उद्या गाडी घेऊन येईल न्यायला. चांगला पोरगा आहे, म्हणूनच येईल."

"पुण्याला काय वाईट आहे?"

"काय वाईट नाय. पण तिथं मी मिलिंदची आई. इथं मी सिस्टर आहे गं."

मी गॅसचा वास ओळखून वाजणारं यंत्र आणून दिलं. त्यांनी ते खाली, सिलिंडरजवळ लावून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. "वीज गेली की हे माझ्यासारखंच," म्हणाल्या. आणि आमच्याकडं वीज जायला वेळ लागत नाही. विजेची शेगडी घेऊन बघितली. तिच्यावर ज्वारीची भाकरी फुगत नाही. तव्यावरून काढून जाळावर टाकलेली भाकरी टम्म फुगलेली बघितल्याशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नसे. ती शेगडी त्यांनी परत खोक्यात घातली.

मग आमचा एक रिवाज पडला. सकाळी उठल्यावर त्या काडी ओढायच्या नाहीत, रेग्युलेटरला हात लावायच्या नाहीत, दिव्याचं बटणसुद्धा दाबायच्या नाहीत. खिडकीतून येणाऱ्या उजेडात माझ्या दारावर थाप मारायच्या. "ए लायब्ररी, ये गं. नाक दे जरा."

मी जायची. उंबऱ्यात उभी राहून हुंगलं की त्या रागवायच्या. "उभ्यानं नाय. हा गॅस जड असतो, पाण्यासारखा तळाला साचतो. वाकून घे." मग मी ओट्याखाली, सिलिंडरपाशी वाकून वास घ्यायची आणि म्हणायची, "नाही." तेव्हा कुठं काडी पेटायची. पाटीलकाकूंनी एकदा दारातून ते बघितलं आणि विचारलं, "हे काय गं, सिलिंडरच्या पाया पडतेस का?" सिस्टर म्हणाल्या, "पडू द्या की. त्याच्यासारखं जागृत दैवत नाय."

तेव्हापासून सकाळचा चहा मी त्यांच्याकडंच प्यायला लागले. एकदा त्यांना विचारलं, कुणालाही दुसरं काही न विचारता तुम्ही नेहमी हेच का विचारता?

भाकरी थापता थापता त्या सांगू लागल्या. वॉर्डात एक मुलगी आली होती. नवीन लग्न झालेली, अंगावर नायलॉनची साडी. "अशा लई यायच्या. सगळ्याच काही शेगडीनं जळलेल्या नसायच्या, पण जबाबात शेगडीच म्हणायच्या. ही मात्र खरंच शेगडीनं. वास येत होता म्हणून दिवा लावून बघायला गेली, म्हणली." तिला पाणी नको होतं, आई नको होती. तिचं एकच चाललं होतं, "सिस्टर, गॅस चालूच राहिलाय. कुणाला तरी घरी पाठवा ना. खालून बंद केला का विचारा." दर थोड्या वेळानं तेच. सिस्टर प्रत्येक वेळी सांगायच्या, "केला गं. खालून बंद केला." मग ती जरा शांत व्हायची.

"केला होता का कुणी?" मी विचारलं.

"मला काय माहीत? तिच्या घरचं कुणी बाहेर बसलेलंसुद्धा नव्हतं." भाकरी जाळावर टाकून त्या ती फुगण्याची वाट बघत राहिल्या. "शेवटपर्यंत मी म्हणत राहिले, केला."

ते वर्ष तसं गेलं. मी गावाला गेले की वरून पाटलांची सून येऊन वास घेऊन जायची. मिलिंदचा फोन आला की सिस्टर मोठ्या आवाजात आज कशाची भाजी केली आणि काय खमंग वास सुटलाय ते सांगायच्या. त्या वेळी मी दुसरीकडं बघायची.

ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. मी वाकले, "नाही" म्हणाले आणि घरी येऊन आंघोळीला गेले. सिस्टरांनी दूध मंद आचेवर ठेवलं. तेवढ्यात पाटीलकाकूंना चक्कर आली म्हणून त्या जिन्याचा कठडा धरत खाली आल्या. सिस्टरांनी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला. आकडा फार वर होता. खात्री करायला पुन्हा बघितलं, पाठ टेकवायला उशी दिली, वर जाऊन सुनेला गोळी आणायला दुकानात पाठवलं. या सगळ्यात दुधाची आठवण राहिली नाही. ते उतू गेलं, शेगडी विझली आणि गॅस वाहत राहिला. त्याच वेळी वीज गेलेली होती. आमची दारं बंद होती. काकूंना स्वतःचं डोकं धरवत नव्हतं. त्या घरात वास येऊ शकणारं दुसरं कुणी नव्हतं.

सिस्टर आत गेल्या त्या काकूंना पाणी आणायला. त्यांना ओट्यावरून ओघळलेलं दूध दिसलं. नाकाला नाही, डोळ्यांना कळलं. त्यांनी वरचं बंद केलं, खालचं बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या, काकूंना खाली नेलं आणि मग प्रत्येक मजल्यावर जाऊन हातानं दारं बडवली. बेल कुणाचीच दाबली नाही. माझ्या दाराबाहेर त्यांचा आवाज आला, "लायब्ररी, आहे तशी बाहेर ये. कशालाच हात लावू नको."

दार उघडताच तो वास माझ्या अंगावर आला. जिना त्यानं भरला होता. त्या वासात सिस्टर उभ्या होत्या आणि माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"आहे का?"

"आहे."

"लई?"

"लई, सिस्टर."

त्यांचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी कधी बघितला नव्हता.

आम्ही सगळे खाली अंगणात उभे राहिलो. बऱ्याच वेळानं मला वर पाठवायच्या आधी त्या स्वतः पुढं झाल्या, मग आठवून थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तूच जा. वाकून बघ." मी वाकून बघितलं. वास गेला होता. खाली येऊन सांगितलं तेव्हा लोकांना कंठ फुटला. कुणीतरी म्हणालं, "सिस्टर होत्या म्हणून वाचलो आज."

"सिस्टर होत्या म्हणूनच झालं," त्या म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

मी शेजारी बसले. म्हटलं, दूध कुणाचंही उतू जातं.

"व्हय. पण बाकीच्यांना कळतं." त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचं घर असतं, आन् तिथं अशी बाई एकटी राहत असती, तर मी काय म्हणले असते, सांग."

काय म्हणाल्या असत्या ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्यांनी माझ्या हातातला फोन मागितला आणि तिथंच पायरीवर बसून मिलिंदला लावला. "ये बाबा न्यायला," म्हणाल्या. "नाय, तब्येत बरी आहे. मला वास येत नाय. कधीपासूनच येत नाय."

मिलिंद आला. आईवर एका शब्दानं रागावला नाही. दोन दिवस सामान बांधण्यात गेले. निघायच्या सकाळी मी न बोलावता गेले, ओट्याखाली वाकले आणि "नाही" म्हणाले. सिस्टरांनी शेवटच्या भाकरी केल्या, सगळ्यांना एकेक वाढली. मग शेगडी पुसली, नळी काढून गुंडाळली, रेग्युलेटर उतरवला आणि सिलिंडरच्या तोंडावर टोपी बसवली. ती नीट बसली का, ते अंगठ्यानं दाबून बघितलं. शफीकभाई सिलिंडर न्यायला आले होते. सिस्टरांनी त्यांना चहा माझ्या घरून आणून दिला.

पुण्याला त्या फार दिवस राहिल्या नाहीत. छातीचं दुखणं परत उलटलं आणि त्यातच त्या गेल्या. मिलिंदनं फोनवर सगळं सांगितलं, आणि नंतर जरा अडखळत म्हणाला, "ताई, आमच्याकडं गॅस पाइपनं येतो, ओट्याखाली सिलिंडरच नाही. तरी आई रोज झोपायच्या आधी वाकून ओट्याखाली हात घालून बघायची. आम्ही सांगायचो, आई, इथं खाली काही नाही. तर म्हणायची, तरी बघू दे."

समोरच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. मोगरा मी माझ्या गॅलरीत आणला आहे. त्याला फुलं येतात, वासही येतो.

पण मला त्या दिसतात त्या गाडीत बसलेल्या. पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी, काच खाली केलेली. सगळी इमारत खाली उतरली होती. कुणाकडं तरी फोडणी पडली असावी. सिस्टरांनी सवयीनं मान वर केली, मोठा श्वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"लसणाची आहे," मी म्हटलं. "पाटलांकडं."

त्यांनी मान डोलावली. मिलिंदनं गाडी सुरू केली. आज कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं. तेवढ्यात वरून, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला. पाटीलकाकूंना जिना उतरायला डॉक्टरांनी मनाई केली होती. कठड्यावरून वाकून, सगळा जीव गोळा करून त्या ओरडल्या, "सिस्टर! गॅस खालून बंद केला का हो?"

सिस्टरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून वर बघितलं.

"केला," त्या म्हणाल्या. वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात. "केला, काकू. टोपी बी लावली."

मग त्यांनी काच वर घेतली.